उघडी रेती

“खाऊन पाहा गुरुजी. निस्तं पाहून डांगर गोड लागत नाही.”

मोहाडीच्या बाजारात बायाबाईनं खरबुजाची फोड हातावर ठेवली आणि लक्ष्मणरावांना तिच्या नवऱ्याची चिठ्ठी आठवली. गेल्या चैत्रात आलेली, उत्तर न दिलेली.

करडी गावचा श्यामलाल वैनगंगेत मासे धरतो आणि उन्हाळ्यात नदीतल्या बेटावर डांगराची वाडी लावतो. वाडीशेजारच्या रेतीवर सुरय पक्ष्यांनी अंडी घातली होती. कुत्री पोहून येतात, वाडीला करतो तसं बाभळीच्या काट्यांचं कुंपण अंड्यांभोवती केलं तर चालेल का, असं त्यानं विचारलं होतं. तुमच्याजवळ पुस्तकं आहेत, म्हणून तुम्हाला विचारतो.

पुस्तकात होतं. हा पक्षी चहूकडून मोकळी रेतीच निवडतो. आडोसा झाला की अंडी टाकून जातो. पण लक्ष्मणरावांनी जन्मात एक घरटं पाहिलं नव्हतं. नदीवर हयात गेलेल्या माणसाला आपण काय सांगावं? तीनदा उत्तर लिहिलं, तीनदा फाडलं. मग पावसाळा आला, बेट पाण्याखाली गेलं.

“त्या पाखरांचं काय झालं?” त्यांनी हळूच विचारलं.

बायाबाई डांगरं रचता रचता सांगू लागली. श्यामलालनं आठ दिवस डाकवाल्याची वाट पाहिली आणि कुंपण केलं. पाखरं दोन दिवस वर ओरडत फिरली, खाली उतरली नाहीत. अंडी उन्हात भाजून गेली. काटे रोवताना एका अंड्याला आपला हात लागला, त्याचंच हे पाप, असं तो अजून म्हणतो. वीस जोड्या होत्या, यंदा चार आल्या.

“तुमच्या पुस्तकात नसन जी लिहिलं,” ती समजुतीनं म्हणाली. “असतं तं तुमी कळवलंच असतं.”

लक्ष्मणरावांच्या मनगटावरून डांगराचं पाणी ओघळत होतं.

“औंदा काटे अजून दाट लावतो म्हणते. उद्याच बेटावर जाऊन राहिले.”

“काटे लावू नका,” ते म्हणाले. आपला आवाज त्यांना मोठा वाटला. “अजिबात नको. रेती उघडी राहू द्या. कुत्री हाकायची ती लांबून, काठावरून.”

बायाबाईचा हात थांबला.

“हे कोन सांगते, गुरुजी?”

“मी सांगतो.”

ती त्यांच्याकडे पाहत राहिली. मग तिनं मान डोलावली.

पोस्टात उभ्याउभ्याच त्यांनी कार्ड लिहिलं.

‘श्यामलाल, तुमची चिठ्ठी मला तेव्हाच मिळाली होती. कुंपणामुळे पक्षी गेले. तुमच्या हाताचा दोष नव्हता. मला ते आधीपासून ठाऊक होतं.’

पेटीपाशी कार्ड पुन्हा वाचावं म्हणून त्यांनी खिशातून चष्मा काढला. क्षणभर तो हातात धरला, खिशात ठेवला, आणि कार्ड आत सोडलं.