नानांच्या दुनळीवरची हरकत

माझ्या नवऱ्याला, राजीवला, बंदूक धरता येत नाही. वरूडच्या घरच्या संत्र्याच्या बागेत त्याने जन्मात एकदा बार काढला आणि दोन दिवस खांदा चोळत बसला. नेम होता तो त्याच्या धाकट्या बहिणीचा, पूर्णिमाचा. घटस्फोट घेऊन परत आल्यापासून बाग तीच बघायची. रानडुकरांचा कळप शिरला की नाना, म्हणजे माझे सासरे, आपली दुनळी बंदूक तिच्या हातात द्यायचे. लायसन्सवर तिचंही नाव त्यांनी रीतसर चढवून घेतलं होतं.

नाना एकवीसच्या एप्रिलमध्ये करोनाने गेले. अंत्यविधीला राजीव इथून, परदेशातून, गेला नाही. परत येताना हॉटेलात कोंडतील, चेरीवूडचा प्रोजेक्ट हातचा जाईल, असं त्याने मला दहादा सांगितलं आणि मी दहादा मान डोलावली. अग्नी पूर्णिमाने दिला. गावाने तिला डोक्यावर घेतलं आणि ते याला झोंबलं. आपण गेलो नाही याचा राग माणूस स्वतःवर काढत नाही, जी तिथे होती तिच्यावर काढतो.

दुनळी पोलीस ठाण्यात जमा झाली. लायसन्सवाला वारला की एका वारसाने अर्ज करायचा आणि बाकीच्यांनी ‘आमची हरकत नाही’ असं लिहून द्यायचं, एवढाच नियम. बाकीच्यांत फक्त राजीव होता. इथेच बॉल्सब्रिजला एका नोटरीपुढे सही करायची, अर्ध्या तासाचं काम. पूर्णिमाने लिहिलं होतं की डुकरं आता ओसरीपर्यंत येतात, घरात मी एकटी आहे, दादा, लवकर पाठव.

राजीव म्हणाला, बापाची बंदूक मुलाकडे येते. त्याने इथल्या ठाण्याला फोन लावला. पलीकडचा गार्डा, म्हणजे इथला पोलीस, अगदी गोड बोलला. परदेशातून बंदूक आणायला एक परवाना, घरात ठेवायला दुसरा, कुलूपबंद लोखंडी कपाट, ओळख देणारी दोन माणसं आणि सगळ्यात आधी सबळ कारण. शिकार करता का? नाही. नेमबाजीच्या क्लबात आहात का? नाही. मग हवी कशाला? वडिलांची आहे, दसऱ्याला पूजा करतो, असं राजीव म्हणाला. ते ग्रँडच आहे, पण पूजा हे काही कारण नव्हे, असं म्हणून गार्डाने त्याला शुभेच्छा दिल्या.

मला नाही तर तिलाही नाही, असं ठरवून राजीव हरकतीचं पत्र लिहायला बसला. तीन दिवस नुसता खोडत होता. नुसती हरकत टिकत नाही, कारण लागतं, एवढं तो गार्डाकडून शिकला होता. आणि कारण माझ्याकडे होतं.

खोटं कशाला बोलू, मलाही ती सलायची. आम्ही गावी गेलो की नाना माझ्या हातचं जेवायचे आणि तोंड भरून कौतुक लेकीचं करायचे. घटस्फोटाच्या वर्षी पूर्णिमाने झोपेच्या गोळ्या घेतल्या होत्या. वाचली, अमरावतीच्या डॉक्टरांकडे सहा महिने गेली, बरी झाली. नानांनाही कळू दिलं नव्हतं. मी ते राजीवला सांगितलं आणि पत्र मीच टाईप केलं. ‘अर्जदार मनाने स्थिर नाही, शस्त्र दिल्यास जिवाला धोका संभवतो.’ भावाने काळजीपोटी लिहिलंय असं वाटावं, असं लिहिलं होतं. राजीवने बॉल्सब्रिजला जाऊन सही केली. ‘हरकत नाही’ लिहून द्यायचं असतं तरी जायचं त्याच नोटरीकडे होतं.

मग वरूडला चौकशीला शिपाई आला. त्याने शेजारी विचारलं, किराणा दुकानात विचारलं, बागेतल्या मजुरांना विचारलं. ज्या गावाने तिला डोक्यावर घेतलं होतं ते आता तिच्याकडे बघून आवाज खाली करतं, असं चुलत सासूबाईंनी फोनवर चवीने सांगितलं. अर्ज फेटाळला गेला.

दसऱ्याला दरवर्षी नाना व्हिडिओ कॉल करायचे. पाटावर दुनळी, तिला हळदकुंकू. इकडे आम्ही लॅपटॉपच्या पडद्याला फूल लावायचं. या वर्षी फोन येणार नाही असं आम्ही धरून चाललो होतो. आमच्याकडे सकाळचे आठ वाजले असताना तो आला. राजीवने कुंडीतलं फूल तोडून माझ्या हातात दिलं आणि टोपी घातली.

पाट तोच होता, रांगोळीही नीट काढलेली. पाटावर एक कागद होता. पूर्णिमाने ठाण्यातून पत्राची नक्कल मिळवली होती. वर हळदकुंकू वाहिलेलं, खाली राजीवची सही.

“घरात आता हेच एक शस्त्र आहे, दादा,” ती म्हणाली. आवाज शांत होता. “नेम अचूक लागला.”

राजीवने सवयीने हात जोडलेले होते. ते सोडावेत की ठेवावेत हे त्याला कळेना.

मग तिने फोन थोडा वळवला, कागदाशेजारी तिचा चेहरा आला आणि ती माझ्याकडे बघू लागली. “वहिनी, गोळ्यांचं मी फक्त तुम्हालाच सांगितलं होतं. फूल तुम्ही वाहा.”

राजीव हळूच म्हणाला, वाहून टाक, मला साडेआठला मीटिंग आहे.

मी वाहिलं.