चमचा कपात पडला, की…

मी चमचा बोलतोय. 'कुणाचा?' असं हसून विचारू नका. हांजी हांजी करण्यात माझी हयात गेलेली नाही. मी चांदीचा, चहाचा, उत्तर जर्मनीतल्या लेअर गावच्या हाब्बो आयलर्ट्स या व्यापाऱ्याच्या घरचा. किंमत सांगणार नाही. आधी भाव बोलतो तो सौद्यात मागे पडतो, हे मालकांकडूनच शिकलो.

मालक शाळेत फारसे गेले नाहीत. गोदीत चहाच्या पेट्या उचलता उचलता वासावरून माल ओळखायला लागले आणि पुढे दुकान थाटलं. एकदा एका दलालाने शिळा माल ताजा म्हणून पुढे केला. मालकांनी घोट घेतला आणि गंभीरपणे म्हणाले, "अहो, हा चहा माझ्या सासूबाईंहून मोठा दिसतोय. त्याला बसायला खुर्ची देऊ का?"

आमच्याकडे चहा ढवळत नाहीत. तळाशी खडीसाखर, वर साय. ओठाशी जे येईल ते गोड मानायचं. चमचा बशीतच असतो. पाहुण्याने तो कपात ठेवला, म्हणजे 'पुरे, निघतो आता'. तोवर यजमान ओततच राहणार. काम एवढंसंच, पण शेवटचा शब्द माझा.

मालकांना मूलबाळ नव्हतं. जाताना त्यांनी आपला पैसा एका कामासाठी बाजूला ठेवला: चहा पिकवणाऱ्या देशांतल्या मुलांनी इथे येऊन पुढचं शिकावं. "त्यांच्या पानांवर माझं घर उभं राहिलं," असं म्हणायचे. अट एकच. अर्जदाराला घरी बोलवायचं, चहा पाजायचा, बोलू द्यायचं आणि माणूस पारखायचा. पारखणारे दोघे: मालकांची भाची गेशेबाई आणि दुकानाचे जुने हिशेबनीस ताम्मे.

मुलं येत. साखर दिसली की ढवळत आणि मला कपातच ठेवत. गेशेबाई लगेच उठून हात पुढे करत, "बरं, या हं!" दार लागलं की ताम्मे कुरकुरत, "पोरांना पैसा हवा, घटकाभर बसायला नको." काही वर्षं तर कुणालाच मदत मिळाली नाही. मी कपात बुडून सगळं ऐकत असे. सांगणार कसं?

गेल्या ऑक्टोबरात चेबेत आली. केनियातल्या केरिचोची. वडील चहाच्या कारखान्यात यंत्रं दुरुस्त करतात. डोंगरउतारावरची माती पावसात धरून कशी ठेवावी, हे ती इथल्या विद्यापीठात शिकत होती. पहिलं वर्ष काकांच्या मदतीवर निघालं. मोठ्या शिष्यवृत्त्यांनी 'मुदत संपली', 'तुम्ही आधीच शिकायला आलात' म्हणत दारं लावून घेतली. दुसऱ्या वर्षाच्या खर्चाची सोय दाखवली नाही, तर राहण्याचा परवाना वाढणार नव्हता. ग्रंथालयातल्या बाईंनी तिला आमचं नाव सुचवलं.

तिनेही ढवळलं. मी कपात. गेशेबाई उठल्या. "बरं वाटलं हं भेटून."

चेबेत हलली नाही. "बाई, माझं काही चुकलं का?"

"छे गं! तूच तर पुरे म्हणालीस."

"मी? मी अजून तोंडसुद्धा उघडलं नाही!"

"चमचा कपात ठेवलास की."

"मग कुठे ठेवू? खिशात घातला तर चोर म्हणाल!"

ताम्मे इतके हसले की मिशीला साय लागली. गेशेबाई हळूच खाली बसल्या.

"ताम्मे, अरे, मग आधीची ती सगळी पोरं…"

"त्यांनाही कुणी सांगितलं नसणार, गेशे. आपणच तर नाही सांगितलं."

गेशेबाईंनी मला काढून पुसलं, बशीत ठेवलं आणि किटली उचलली. "बोल, मुली."

चेबेत बोलली. आत्याच्या घरामागचा उतार एका पावसात कसा गेला, ओढा दिवसभर कसा लाल वाहत होता. ताम्मेंनी खोचक विचारलं, "हे शिकून परत जाणार, की इथेच राहणार?"

"आजोबा, आधी शिकू तर द्या! चिखल तिकडे आहे, तो काय इथे मागवून घेऊ?"

"पोरगी सौदा जाणते," ताम्मे म्हणाले. मालक असते तर हेच म्हणाले असते. चेबेतचं दुसरं वर्ष पक्कं झालं.

आता कप भरण्याआधीच गेशेबाई पाहुण्याला चमच्याची रीत सांगतात. परतवलेल्या मुलांना दोघांनी शोधून शोधून फोन केले. एकजण म्हणाला, "मी आता नोकरीला लागलो, पण धाकटी बहीण आहे. पाठवू का?" ती येत्या गुरुवारी येतेय. मला आजच घासून लख्ख केलंय. मी खुशीत आहे.

परदेशी शिकू पाहणाऱ्या पोरांनो, मोठी दारं बंद दिसली तर लहान गावांतली ठोठावा. आणि समोरचा अचानक उठलाच, तर तुम्ही उठू नका. बसून राहा आणि विचारा.