चेतनाचा राजीनामा

"सूज उतरून राहिली का व?" कांताबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

"हव, आई," चेतना म्हणाली. सूज तशीच होती. दिवाणावर पाय लांब करून ती बसली होती, डाव्या गुडघ्यावर बर्फाची पिशवी. सहा फुटांची ही मुलगी त्या दिवाणावर कधी मावली नव्हती. आज मात्र ती हिरालाल गजभियेंना एवढीशी दिसली.

विदर्भातून आलेल्या हिरालालनी रायपूरला रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात उभं आयुष्य काढलं होतं. एकाच जागी तिसऱ्यांदा मोडलेला भाग ते बिनदिक्कत भंगारात टाकायला सांगत. हा भाग मात्र पोटच्या पोरीचा होता, म्हणून त्यांचं तोंड बंद होतं.

बास्केटबॉलच्या जोरावर चेतनाला एकोणिसाव्या वर्षी रेल्वेत नोकरी लागली, तेव्हा तिच्या उडीची ख्याती होती. उडी मारली की पोरगी वर क्षणभर थांबते, असं हिरालाल छातीठोकपणे सांगायचे आणि शेजारीपाजारी हसू दाबून मान डोलवायचे. मग गुडघा गेला. ऑपरेशन झालं, वर्ष घरात गेलं, पण ती परतली. पुढे घोटा मोडला, पुन्हा तोच गुडघा फिरला, दुसरं ऑपरेशन झालं. देशाचा संघ निवडायची वेळ आली की ही नेमकी प्लास्टरमध्ये! दर वेळी लोक म्हणत, संपली. दर वेळी ती मैदानात उभी राही, उडी तेवढी थोडी खाली आलेली असे. आता तिशी उलटली होती आणि तोच गुडघा तिसऱ्यांदा दुखावला होता. कालच डॉक्टरांनी बजावलं होतं, यापुढे एकदा जरी वाईट पडली, तर जन्मभर पाय ओढत चालेल.

हे सगळं सांगून, आता संघ सोड, असं हिरालालना तिला नीट समजवायचं होतं. भाषण मनात तयार होतं. पण त्या सुजलेल्या गुडघ्याकडे नजर गेली आणि ते सारं भाषण विसरले. एवढंच निघालं, "बस झालं, चेतना. आता राजीनामा. दुसरं काई नाई."

चेतनाने त्यांच्याकडे पाहिलं, मग गुडघ्याकडे. "हव, बाबा," ती म्हणाली आणि नेहमीसारखी रायपूरच्या हिंदीवर घसरली. "आप ठीक बोल रहे हो. राजीनामा ही करना पड़ेगा."

एवढ्या सहज ऐकेल असं त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं. काही आठवड्यांनी तिचा फोन आला. रविवारी बूढापारा भागातल्या स्टेडियममध्ये मॅच आहे, आईलाही घेऊन या. निरोपाचीच मॅच असणार, हे सांगायला कशाला हवं? हिरालालनी गोलबाजारातून निळ्या काठाची शाल आणली. दुसऱ्या ऑपरेशननंतर लेकीची एकही मॅच न पाहिलेल्या कांताबाई, "शेवटचीच हाय तं येतो," म्हणून निघाल्या.

चेतना मैदानात उतरली आणि हिरालालचा जीव टांगणीला लागला. ती पळेचना. उडीही मारेना. समोरच्या संघातल्या कोवळ्या मुली तिच्याभोवती भिरभिरत होत्या आणि ही बास्केटखाली पाय रोवून उभी. आता हसं होणार, असं म्हणत त्यांनी डोळे मिटून घेतले.

कांताबाईंनी कोपराने ढोसलं. "अहो, बघा तं! पोट्टी पळून नाई राहिली, अन् बॉल हिच्याकडंच काहून येऊन राहिला?"

हिरालालनी डोळे उघडले आणि पुन्हा मिटायला विसरले. चेंडू कुठे पडणार हे चेतनाला इतरांच्या आधी कळत होतं. ती फक्त एक पाऊल सरकायची, पाठीने एखादीला हलकेच अडवायची, की चेंडू आपसूक तिच्या हातात. मग न बघता दिलेला पास, तोही अशा रिकाम्या जागी, जिथे क्षणाने तिचीच एखादी मुलगी येऊन पोचायची. उडी होती तेव्हा लोक तिला बघत. आता ती साऱ्या मैदानाला खेळवत होती. आपण हिला चालायला शिकवलं, हे त्यांना त्या घटकेला खरंच वाटेना. संघ दोन गुणांनी हरला, हे त्यांना फलक बघूनच समजलं.

घामाने निथळत, किंचित लंगडत चेतना आली. हिरालालनी शाल उलगडली.

"ये क्या है, बाबा? शादी किसकी है?"

"तू राजीनामा देल्ला ना, बाई."

"दिया नहीं, बाबा, किया! घुटने के साथ." ती हसत होती. "आपने ही तो बोला था, उसको देखके. मैं उसको कूदने नहीं बोलूँगी, वो मेरे को गिराएगा नहीं. इतने साल झगड़ा किया, अब सुलह. कोच को भी समझाया, दो साल और खेल लूँगी."

हिरालालच्या हातातली शाल तशीच राहिली. मराठीत राजीनामा म्हणजे काम सोडणं. रायपूरच्या हिंदीत मात्र भांडण मिटवणं म्हणजे राजीनामा. इथल्या कोर्टात भाऊभाऊ करतात तो. सोडण्याला इथे इस्तीफा म्हणतात. इतकी वर्षं कारखान्यात हिरालालही इस्तीफाच म्हणत आले होते, पण त्या दिवशी भाषण विसरले तेव्हा विदर्भातला शब्द तोंडात आला. ध चा मा करायला एक अक्षर तरी बदलावं लागलं होतं. इथे शब्द जसाच्या तसा राहिला आणि अर्थ तेवढा गाव सोडून गेला.

कांताबाईंच्या ध्यानात आलं. "अवं, तुझ्या बाबांले तं म्हणायचं होतं..."

"हेच म्हणायचं होतं मले," हिरालाल म्हणाले. "हेच."

कांताबाईंनी नवऱ्याकडे रोखून पाहिलं. मग शाल त्यांच्या हातून घेतली, घडी घातली आणि पिशवीत ठेवून दिली.

स्टेडियमच्या बाहेरच्या पायऱ्या चेतना कठडा धरून, आडवी वळून, एकेक करत उतरू लागली. मागून दोन्ही संघांच्या मुली खिदळत आल्या आणि तिला पाहून वरच थांबल्या. कोणी पुढे गेलं नाही. ती खाली पोचेपर्यंत हिरालालही त्या मुलींमध्ये उभे राहिले.