ज्योत्स्नाच्या हॉलसाठी समुद्र

पांढऱ्या रंगाच्या ट्यूबचं झाकण पुन्हा चिकटून बसलं होतं. फडक्यात धरून पिळलं, दाराच्या फटीत अडकवून पिळलं, आता दातात धरायचं तेवढं राहिलं होतं — आणि धरलंही असतं, पण एकदा जिभेला टर्पेंटाइन लागलं की दिवसभर चहासुद्धा तसलाच लागतो. मेलं झाकण. खरं तर आज घरात या झाकणानेच काय ती उज्ज्वलाची बाजू घेतली होती. बाकी सगळ्यांचं एकच — सुधार, आजच्या आज सुधार, रविवारपर्यंत वाळायला पाहिजे.

सुधारायचं काय, तर समुद्र. आंजर्ल्याचा, ओहोटीचा. पाणी पार लांब गेलेलं, मागे सुटलेली ओली वाळू आणि तिच्यात उतरलेलं दुपारचं फिकट आभाळ, बस्स. तसे तिने समुद्र पुष्कळ काढले होते — अलिबाग, दिवेआगर, सुट्टीत जिथे जिथे जायला मिळालं तिथले — आणि नाशकातल्या प्रत्येक ओळखीच्या माणसाने एकदा तरी विचारलं होतं, की गोदावरी, आपली गंगा, दाराशी असताना हे काय, रामकुंड काढा की, लोक हौसेने घेतील. पण ते सगळे समुद्र कॅलेंडरवरचे झाले. हा एकच साधला होता. ओल्या वाळूचा रंग तिला वर्षानुवर्षं फसवत होता, तो या खेपेस आपणहून आला... का आला ते कळलं नव्हतं, त्यामुळे पुन्हा येईल याचा भरवसा नव्हता.

आणि नेमका हाच नवऱ्याने, सोमनाथने, आपल्या बहिणीला देऊन टाकला. विचारलं नाही, सांगितलं. ज्योत्स्नाच्या पाथर्डी फाट्यावरच्या नव्या घराची वास्तुशांत, हॉलची भिंत रिकामी, घरातच चित्र काढणारं माणूस असताना विकतचं कशाला. तेही एक वेळ चाललं असतं, चित्र शेवटी कुणाच्या तरी भिंतीवरच जायचं. पण ज्योत्स्नाने कोणी वास्तुवाले बोलावले. ते होकायंत्र घेऊन खोल्याखोल्यांतून हिंडले, भिंतीवरच्या चित्रापुढे थांबले आणि म्हणाले, पाणी घराबाहेर चाललंय, लक्ष्मी राहायची नाही, पाणी आत येणारं पाहिजे. इतक्या वर्षांत माझ्या चित्रातलं पाणी मागे सरतंय हे ओळखणारा एकच माणूस भेटला, आणि तो हा. हसावं की कपाळावर हात मारून घ्यावा...

काल ज्योत्स्ना चित्र स्कूटरवर पुढ्यात उभं धरून परत घेऊन आली होती.

"वहिनी, फक्त पाणी थोडं वर घ्या. आणि जमलं तर उगवता सूर्य."

"अगं, तो पश्चिमेचा समुद्र आहे. तिथे सूर्य मावळतोच फक्त."

"मावळता नकोच म्हणालेत ते." मग जरा विचार करून, अगदी मायेने, "चित्रच तर आहे ना वहिनी. करायची त्याला पूर्व."

चित्रच तर आहे. आणि राग तरी कुणावर काढायचा? ज्योत्स्ना वाईट नाही, अर्धा संसार तिने भाड्याच्या एका खोलीत ओढला, आता स्वतःच्या भिंती झाल्यात तर त्यांना काही बाधू नये असं तिला वाटतं. या घरात मला भांडायलासुद्धा धड माणूस मिळत नाही.

झाकण एकदम निघालं, तेव्हा सोमनाथ पहिली पाळी करून अंबडच्या कारखान्यातून आला होता आणि हातपाय धुऊन, डबा मोरीत ठेवून तिच्या मागे येऊन उभा होता.

"अजून तसंच?"

"करतेय."

त्याने चित्र न्याहाळलं. असं तो कधी न्याहाळत नसे. "पण तू ही ओहोटी पाहिलीस कुठे? आपण गेलो तेव्हा पाणी पार सुरूच्या झाडांपर्यंत आलेलं. मनोजचे फोटो आहेत ना, गुडघाभर पाण्यातले."

बरोबर होतं त्याचं. संध्याकाळी सगळे मिळून गेले तेव्हा भरती होती. पण दुपारी — मासे जेवून तो आणि मनोज, बापलेक दोघेही, खाणावळीच्या खोलीत गाढ झोपले, आणि ती आमसुलं घ्यायची म्हणून बाहेर पडली, आणि दुकान मागेच राहिलं... पाणी मागे जात होतं, ती त्याच्या मागे मागे जात होती, मग ती ओल्या वाळूत साडीसकट बसली. किती वेळ कोण जाणे. परत आली तेव्हा तो जागा होऊन चहाचं विचारत होता, आणि आमसुलं राहिली हेही कुणाच्या लक्षात आलं नाही. दुपारी मी एकटी गेले होते. एवढंच सांगायचं. यात लपवण्यासारखं काय आहे?

मग तो विचारेल, काय केलंस? काही नाही, बसले होते. आणि हे मनात म्हणतानाच तिला आठवलं — त्या सगळ्या वेळात तिला त्याची आठवण झाली नव्हती. मनोजचीही नाही. नाशिकला आपलं घर आहे, तिथे परत जायचंय, हेसुद्धा नाही. कुणी आठवत नव्हतं आणि काही अडत नव्हतं, आणि समोर ओली वाळू होती, या अशा रंगाची.

म्हणजे तो रंग असा आला होता.

"सांग की," सोमनाथ म्हणाला. तो सहज विचारत होता, आणि अजून चित्राकडेच बघत होता.

रविवारी हे भिंतीवर लागेल, पाहुणे हातात प्रसादाच्या वाट्या घेऊन समोर उभे राहतील, तोही राहील, दर वेळी बहिणीकडे गेला की त्याच्यापुढे तिची ती एकटीची दुपार असेल. सकाळपासूनचा वैताग कुठे गेला ते तिला कळेना. तिने ब्रश पांढऱ्यात बुडवला आणि तशीच थांबली. पाणी वर घ्यावं, लवकर घ्यावं, सगळी वाळू झाकली जाईल इतकं वर घ्यावं, असं आता तिला स्वतःलाच वाटू लागलं होतं.