पायरवाला उठणारं मेंढरू

मायाक्का कन्याशाळेच्या कुंपणाला टेकून सकाळपासून बसली होती, ती काही भीक मागायला नव्हे. रस्त्यानं जाणाऱ्या एका गिरणी कामगाराला मात्र तसंच वाटलं. त्यानं तिच्यापुढं अर्धी भाकरी ठेवली आणि भोंगा चुकू नये म्हणून घाईनं निघून गेला. मायाक्कानं ती भाकरी शेजारी बसलेल्या म्हाळसेला दिली, कारण पोर कालपासून उपाशी होती, आणि स्वतः पुन्हा कुंपणाच्या फटीला डोळा लावला. ती शाळा बघत होती.

म्हाळसा तिची लेक, नऊ वर्षांची. येत्या गुरुवारी तिचं लग्न होतं. नवरा चाळिशी उलटलेला, दोन बायका पोचवून बसलेला. एवढी घाई कशासाठी, तर एक एप्रिलपासून सरकारचा नवा कायदा लागू होणार होता. चौदाच्या आतल्या पोरीचं लग्न लावलं की दंड, नाहीतर तुरुंग. त्यामुळं सांगोल्याकडच्या मुलखात त्या फाल्गुनात माणसांना वेडच लागलं होतं. पाळण्यातल्या पोरींना मुंडावळ्या बांधत होते. एरवी सरकारचा एक कागद ज्यांना वाचता येत नव्हता, त्यांना ही एक तारीख बरी तोंडपाठ झाली! मायाक्काचा दीर गुंडा त्यांतलाच. भाऊ मेल्यापासून घर, मेंढरं आणि या दोघी त्याच्याच हाताखाली होत्या.

आठ दिवस पोर वाचली, की पुढची पाच वर्षं वाचली. पण आठ दिवस ठेवायची कुठं? मायाक्काच्या सख्ख्या भावानं गुंडाच्या हातून या लग्नाची सुपारी घेतली होती. उरली काशम्मा. ही तिच्या माहेरची बाई सोलापुरात या खाजगी शाळेत पाणी भरायला होती. तिनं गेल्या जत्रेत सांगितलं होतं, की तिथं कुठल्याही जातीच्या पोरी राहायला घेतात, आणि कुणी ओढून न्यायला आलं तर मोठ्या बाई स्वतः दारात उभ्या राहतात. तेवढ्या एका वाक्याच्या जिवावर मायाक्का कडब्याच्या गाडीत बसून दोन दिवस धक्के खात आली होती.

मग सरळ आत जाऊन अर्ज का नाही दिला? तर वच्छला. वच्छला थोरली. तिला आठव्या वर्षी दिली. घर लई चांगलं हाय, असं गुंडा म्हणाला आणि मायाक्कानं मान डोलावली. घर बघितलं नाही, माणसं बघितली नाहीत, काही नाही. तेराव्या वर्षी वच्छला विहिरीत सापडली. तिला शेवटची अंघोळ घालताना तिच्या पाठीवर काय काय दिसलं, ते मायाक्कानं आजवर कुणाला सांगितलेलं नव्हतं. मात्र तेव्हाच तिनं शपथ घेतली होती, की पुन्हा न बघता पोर कुणाच्या पदरात घालायची नाही. गुंडा मागावर असणार हे तिला माहीत होतं. तरी ती बघत बसली होती.

आता बघायचं कसं, हे धनगराच्या बाईला कुणी शिकवायला नको. आपली मेंढरं दुसऱ्याकडं राखोळीला द्यायची वेळ आली, की धनगर राखणाऱ्याला काही विचारत नाही. विचारलं तर तो गोडच बोलणार. धनगर न सांगता भर दुपारी जातो, मेंढरं झाडाखाली बसलेली असतात तेव्हा, आणि लांब बसून राहतो. खूर बघतो. लंगडी मागं पडली तर तिच्याजवळ कोण थांबतं ते बघतो. पण खरी पारख पायरवाची. राखणारा जवळून गेला आणि मेंढरू नुसता कान हलवून रवंथ करत राहिलं, तर त्याचा हात मायेचा. पायरव ऐकताच दचकून उभं राहिलं, तर त्याची काठी त्या मेंढराच्या ओळखीची आहे. मायाक्काचा सासरा या पारखीवर आयुष्यात एकदाही फसला नव्हता.

खूर चांगले होते. म्हणजे पोरींचे पाय धुतलेले होते, कुणाच्या टाचेला भेग नव्हती. एक तरुण मास्तरीणबाई ओसरीवर बसून एका पोरीच्या तळव्यातला काटा काढत होती आणि पोर ओरडली की स्वतःच तोंड वाकडं करत होती. मायाक्काला जरा बरं वाटलं. तेवढ्यात मोठ्या बाई आल्या. मथुराबाई त्यांचं नाव. पांढरं लुगडं, डोक्यावरून पदर, जाड चष्मा, आणि चेहऱ्यावर हसू म्हणाल तर औषधालाही नाही. त्या पहिल्या वर्गाच्या दारात आल्या मात्र, बसलेल्या साऱ्या पोरी ताडकन उभ्या राहिल्या.

मायाक्का फटीला आणखी चिकटली. बाई दुसऱ्या वर्गात गेल्या, तिथंही तेच. पार शेवटच्या वर्गातल्या चिमुरड्या, त्याही उठल्या. उभ्या असताना एकीनं पुढचीची वेणी ओढली आणि ती खुदकन हसली, हे मायाक्काच्या डोळ्यांनी बघितलं खरं, पण मनानं घेतलं नाही. तिचं मन एकच धरून बसलं, की कळप उठतोय. हितंबी काठी हाय.

काशम्मा घागर घेऊन बाहेर आली ती हिला बघून उडालीच. "अगं अव्वा, सकाळधरनं हितं बसलीस? चल आत!" असं म्हणून तिनं दोघींना ओढतच मथुराबाईंसमोर नेलं.

मथुराबाईंनी ऐकून घेतलं. मग टाक घेतला आणि अर्ज लिहायला लागल्या. "मुलीचं नाव? वय? तुम्ही आई, तेव्हा पालक तुम्हीच. खाली अंगठा द्या. अंगठा झाला की मुलगी माझ्या जबाबदारीवर."

मायाक्काचा अंगठा शाईत बुडाला होता. तो तसाच धरून तिनं विचारलं, "बाई, लंगडी मेंढी मागं पडली, तर तुमी काय करता?"

"शाळेत मेंढ्या नाहीत," बाई म्हणाल्या.

"तुमी आला की पोरी उटून हुब्या ऱ्हात्यात. का?"

"शिस्त आहे ती."

झालं! दुसरा कुठलाही शब्द चालला असता. पण शिस्त हा शब्द मायाक्काच्या घरी रोज ऐकू यायचा. कुठल्याशा फौजदाराच्या तोंडून तो गुंडानं उचलला होता, आणि पोरीवर हात उचलला की तो हेच म्हणायचा, बायामान्सास्नी शिस्त पायजे. मायाक्कानं अंगठा मागं घेतला आणि लुगड्याला पुसून टाकला. मथुराबाईंनी ते बघितलं. त्या रागावल्या नाहीत, समजूतही घातली नाही. "बळजबरी मी करत नाही," एवढंच म्हणाल्या. "शाळा पाचला सुटते. तोवर हवं तर वर्गात बसून बघा."

बाहेर आल्यावर काशम्मानं कपाळाला हात लावला. "येडी का खुळी तू? गुरू आला की उटायचं, बस म्हनलं की बसायचं. मान असतोय त्यो."

"आमच्या गावात पाटील आला की समदी उटत्यात. त्योबी मानच म्हनत्यात," मायाक्का म्हणाली. "भ्यानं उटत्यात, काशे. मला नगं सांगू."

"मग नेतीस कुटं हिला?"

मायाक्का पोरीला घेऊन चालू लागली. ती फाटकाजवळ उभी राहिली. डावीकडं रस्ता गावाकडं जात होता, उजवीकडं तिच्या ओळखीचं एक कुत्रंसुद्धा नव्हतं. एका पोरीला न बघता मारली, दुसरीला बघून बघून मारतेय, असं तिच्या मनात आलं आणि तिला रडूच फुटलं. पदर तोंडाला लावायला गेली, तर पदराच्या आडून रस्त्याच्या टोकाला गुलाबी पटका दिसला. गुंडा होता. कडब्याच्या गाडीवाल्यानं सांगितलं असणार, दुसरं कोण! खांद्यावर घोंगडं आणि हातात काठी घेऊन तो घरं विचारत विचारत येत होता.

मायाक्कानं पोरीला काखेत मारलं आणि मागं पळाली. जो पहिला वर्ग उघडा दिसला त्यात शिरली आणि भिंतीशी पोरीला घेऊन बसली. लहान मुलींचा वर्ग होता. शिकवणारी मास्तरीणबाई फळ्याशी होती. आणि मथुराबाई? त्या वर्गाच्या पार मागं, जमिनीवर मांडी घालून बसल्या होत्या. त्यांच्यापुढं एक तिरळी, मंद पोर पाटीवर तेच अक्षर पुन्हा पुन्हा चुकवत होती, आणि बाई तिचा हात धरून तेच अक्षर पुन्हा पुन्हा काढत होत्या. बाकीचा वर्ग केव्हाच पुढं गेला होता. लंगडीजवळ कोण थांबतं, ते मायाक्कानं बघितलं.

तेवढ्यात ओसरीवर वहाणा करकरल्या. गुंडाच्या कोल्हापुरी वहाणा, तेल पाजून मुद्दाम वाजत्या ठेवलेल्या.

तो अजून दारात आला नव्हता. नुसता आवाज आला, आणि वर्गात एकच पोर ताडकन उभी राहिली. म्हाळसा. पाठ भिंतीला लावून, मान खाली घालून, दोन्ही कोपरं तोंडापुढं धरून ती उभी होती. बाकीच्या तीस पोरी बसल्या होत्या. दारात काठीवाला माणूस आला, तेव्हा दोघी-तिघींनी मान वर करून त्याच्या पटक्याकडं बघितलं आणि पुन्हा पाटीवर गिरवायला लागल्या.

मायाक्का सकाळपासून ज्या मेंढराला शोधत होती, ते तिनं स्वतःच बरोबर आणलं होतं.

"पोर आमची हाय," गुंडा म्हणाला. "गुरवारी लगीन हाय तिचं. व्हय बाजूला."

मथुराबाई उठून दारात जाऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी वळून मायाक्काकडं बघितलं. "आईचा अंगठा असेल तर मुलगी इथून हलणार नाही. नसेल, तर मला हिला ठेवता येणार नाही. लवकर सांगा."

"अंगठा दिलास तर घराचं दार बंद!" गुंडा ओरडला. "येक मेंढरू मिळायचं न्हाय. रस्त्यावर मरशील!"

"मरंन की," मायाक्का म्हणाली. मागोमाग आलेली काशम्मा धावत जाऊन अर्ज आणि शाई घेऊन आली. मायाक्कानं जमिनीवरच कागद ठेवून अंगठा असा दाबला, की कागदाला चुणी पडली. गुंडा बरंच बोलला. त्याचं तोंड घाणच होतं, ते सगळं इथं सांगण्यात अर्थ नाही. पण दारातली बाई हलेना आणि पोरी घाबरेनात, तेव्हा त्याचा आवाज हळूहळू बसला. शेवटी वहाणा करकरत फाटकाबाहेर गेल्या.

म्हाळसा अजून उभीच होती. "गेला त्यो. बस आता, बाळ," असं म्हणत मायाक्कानं तिच्या डोक्यावरून फिरवायला हात उचलला. तशी पोरीनं पुन्हा कोपर वर घेतलं. आईच्या हातापुढं.

मायाक्काचा हात तिथंच राहिला. काका मारायच्या आधी आपण दोन दिल्या तर त्याचा राग निवतो, म्हणून कितीदा तरी तिनंच पोरीला बडवली होती. तेव्हा ती माया वाटली होती. अंगठ्यावरची शाई अजून ओली होती. तिनं हात पदराखाली घेतला आणि मथुराबाईंपुढं खाली बसली.

"बाई," ती म्हणाली, "उटायचं हिला येतंय. बसायचं तेवडं शिकवा."