डावा कान

भाऊसो दारूला शिवत नाही हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. तरी त्या सकाळी तो दारातनं बाहेर पडला, भिंत धरधरून परत फिरला आणि उंबऱ्यातच ओकला, तेव्हा शेजारच्या अंबूबाईनं नाक मुरडलंच. “व्हय गं दीक्षा, हे कधीपासनं सुरू झालं म्हणायचं?” आता या बाईला काय सांगायचं! भाऊसोची बायको दीक्षा नुसती धुसफुसत पाण्याची बादली घेऊन आली.

आठ दिवस सर्दी, त्यात डावा कान ठणकत होता. दीक्षानं आदल्या रात्री आईनं शिकवल्याप्रमाणं लसूण घालून तेल कोमट केलं आणि कानात सोडलं. ठणका थांबला आणि घर फिरायला लागलं. भाऊसो निपचित पडला तरी त्याचे डोळे झटके मारत एका बाजूला सरकायचे, परत यायचे, पुन्हा सरकायचे. ते बघून दीक्षा रोज त्याच्या मागं लागायची. पण दवाखान्याचं नाव काढलं की हा हात झटकायचा. “पित्त हाय. उतरंल.”

कसलं पित्त न् काय! दोन हजार चार साल होतं ते. भाऊसो कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत क्रेन चालवायचा. वितळलेल्या लोखंडाची बादली तीस फुटांवरच्या केबिनमधनं हलवणारा माणूस. त्याला चक्कर येते हे तिथं कळलं असतं, तर केबिन जाऊन ठेकेदाराच्या हाताखाली वाळू उपसायची पाळी आली असती.

सहाव्या दिवशी दीक्षानं त्याला रिक्षात कोंबलं आणि राजारामपुरीतल्या कानाच्या डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टर तिच्यावर जरा चिडलेच. “हे तेलानं झालेलं नाही, पण पुन्हा घालू नका. सर्दीचं इन्फेक्शन आतल्या कानात उतरलंय, तिथं सूज आहे. ऐकणं आणि तोल, दोन्ही तिथंच असतं. चक्कर जाईल. ऐकू येईल का, ते सांगत नाही. लवकर यायला नको?” वर उंचावरचं काम तीन महिने बंद म्हणाले.

महिन्याभरात चक्कर गेली. कान काही आला नाही; आत नुसती गिरणी घुमायची. भाऊसोनं गल्लीतल्या गटारीच्या काठावरनं सरळ चालायचा सराव केला, दुसऱ्याच एका डॉक्टरकडनं तब्येत ठीक असल्याचा दाखला आणला. महिनाभराच्या आजारपणानंतर केबिनमध्ये चढवण्याआधी फौंड्रीतल्या साहेबानं त्याला जमिनीवरच्या पिवळ्या पट्ट्यावरनं चालायला लावलं. चालला की पठ्ठ्या. कानाचं कुणी विचारलंच नाही.

“कुणापाशी बोलायचं न्हाय,” त्यानं बायकोला बजावलं. “माझ्या पोटावर पाय दिऊ नको.”

दीक्षा मूग गिळून बसली. डॉक्टर काही म्हणोत, त्या तेलाचं तिच्या मनातनं जात नव्हतं. पण घरात ती बघत होती ना! डावीकडनं हाक मारली तरी हा उजवीकडं शोधायचा. कुठलाही आवाज त्याला उजव्या अंगानंच यायचा.

एका रविवारी तिचा धाकटा भाऊ प्रसेनजीत जेवायला आला. दीक्षानंच नवऱ्याच्या मागं लागून त्याला फौंड्रीत चिकटवलं होतं. भाऊसोच्या क्रेनखाली उभं राहून शिट्टीनं इशारा द्यायचं त्याचं काम. एक शिट्टी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. धुरात खालचा माणूस दिसला नाही, की शिट्टी कुठल्या अंगानं आली यावर वरच्यानं ओळखायचं. डावीकडची आपली, उजवीकडची शेजारच्या लायनीची.

“दाजी, गुरुवारी मारलंच असतं की तुम्ही मला!” प्रसेनजीत रस्सा ओरपत हसला. “शेजारच्या लायनीत दोन शिट्ट्या झाल्या आनि तुम्ही आमचीच बादली हलवलीसा!”

“धूर लई व्हता,” भाऊसो ताटाकडं बघत म्हणाला.

दोन्ही लायनींची शिट्टी याला उजवीकडनंच येते, मग हा कुठलीही शिट्टी आपलीच धरतो, हे दीक्षाच्या तेव्हाच ध्यानात आलं. भावाला पोचवायला ती कोपऱ्यापर्यंत गेली. “दाजीच्या क्रेनखाली थांबू नको. दुसरी लाईन मागून घे.”

“का गं?”

“का म्हणून इचारू नको. माझी शपथ हाय तुला.”

कुरकुरत का होईना, त्यानं लाईन बदलून घेतली. खोटं कशाला बोलायचं, त्या दिवशी दीक्षाला महिन्याभरानं सुखाची झोप लागली. भावाच्या जागी कुणीतरी उभा राहणारच, हे तिला कळत नव्हतं असं नाही. चांगलं कळत होतं. पण त्या कुणाचं तोंड तिनं बघितलेलं नव्हतं, आणि तिनं स्वतःला तेवढ्यावरच गप्प बसवलं.

अकराव्या दिवशी भर दुपारी प्रसेनजीत दारात उभा राहिला. अंगावर कामाचेच कपडे, पायात कामाचेच बूट.

“पिराजी गेला,” तो म्हणाला. “माझ्या जागंवर दिला हुता त्येला. शेजारच्या लायनीत दोन शिट्ट्या झाल्या, दाजींनी बादली हलवली, आनि पिराजी अजून खालीच व्हता. दाजी पोलिसांम्होरं बसल्यात. शिट्टी झाली, शिट्टी झाली, एवढंच म्हणत्यात.”

दीक्षा आतनं पाण्याचा तांब्या भरून घेऊन आली. तो रडत नव्हता. तिच्याकडं नुसता बघत होता.

“मला तिथनं हलवलंस तवा तुला ठावं हुतं. व्हय न्हवं, ताई?”

नाही म्हणता आलं असतं. तिनं तोंड उघडलंही त्यासाठीच. पण आलं ते भलतंच.

“तू वाचलास न्हवं?”

प्रसेनजीत उंबऱ्याच्या आत आलाच नाही. तिनं पुढं केलेला पाण्याचा तांब्याही त्यानं घेतला नाही. पिराजीच्या बायकोला, झुंबरबाईला, अजून कुणी कळवलं नव्हतं. ते सांगायला फौंड्रीनं त्यालाच पाठवलं होतं.