वाकडं उतरलेलं दार

मिस्त्रीने भिंतीवरचं बटण दाबलं. वर मोटर घुमली, गॅरेजचं दार बोटभर उचललं गेलं आणि तिथेच थरथरून पुन्हा खाली बसलं.

"सकाळपासून हेच चाललंय," बाई म्हणाल्या. "गाडी आत अडकलीय, आणि अकराला बाबांना घेऊन डॉक्टरांकडे पोचायचंय."

"बघतो ताई. थोडा वेळ द्या."

मागच्या वर्षी हे दार त्यानेच बसवलं होतं. त्याने रिमोटमधले सेल बदलून पाहिले. जमिनीलगतचे दोन्ही सेन्सर बाहीने पुसले. मोटरची वायर काढून पुन्हा खोचली. फरक पडेना, तेव्हा त्याने वरून लोंबणारी लाल दोरी ओढून दार मोटरपासून मोकळं केलं आणि खालच्या कडेला दोन्ही हात घालून उचललं. उजवी बाजू वर आली. डावी जागची हलेना.

मिस्त्रीने दार हळूच खाली ठेवलं. शिडीवर चढून बघायची खरं तर गरज नव्हती. काय झालंय ते त्याला कळून चुकलं होतं.

"बाबांनी आज कशाला हात लावलेला नाही हं," बाई न विचारताच म्हणाल्या. "आतल्या दाराला आम्ही कडीच लावतो आता."

स्वयंपाकघरातून गॅरेजमध्ये उतरणाऱ्या त्या दाराला नवी कडी होती. दाराच्या अगदी वरच्या अंगाला, बाईंनाही टाचा उंचावून लावावी लागेल अशी. उंबरठ्याच्या पलीकडे त्यांचे वडील उभे होते. अंगात इस्त्रीचा शर्ट, केस ओले करून विंचरलेले. आत चाललेलं काम ते पाहत होते, पण पाय उंबरठ्याच्या आत येत नव्हता.

मिस्त्रीने त्यांच्याकडे पाहून मान लववली आणि शिडी डावीकडे लावली.

वरच्या दांड्याच्या टोकाला एक चाक होतं. त्याच्यावर दार ओढणारी तार गुंडाळलेली असते. ती ढिली पडून वेटोळ्यासारखी लोंबत होती. चाक दांड्यावर पक्कं धरणारे दोन स्क्रू त्याने बोटाने फिरवून पाहिले. दोन्ही बोटानेच फिरले.

आठ महिन्यांपूर्वी उजवीकडचे असेच फिरले होते. त्या दिवशी दार अर्ध्यातून तिरकं होऊन कोसळलं होतं आणि गाडीचा मागचा पत्रा चेपला होता. दार बसवताना स्क्रू नुसते हाताने लावून ठेवायचे आणि शेवटी किल्लीने आवळायचे, ही रीत. बसवायच्या दिवशी नेमका शेवटी त्याला कुणाचा तरी फोन आला होता आणि आवळायचं राहूनच गेलं होतं. दार कोसळलं त्या दिवशी शिडीवर चढल्याबरोबर त्याला ते उमगलं होतं. उजवीकडचे स्क्रू त्याने गुपचूप आवळले होते. डावीकडे शिडी नेली असती तर खाली उभ्या असलेल्या बाईंनी विचारलं असतं, आता तिकडे काय? म्हणून त्याने नेली नव्हती.

"कशाने झालं हो?" असं मात्र त्यांनी विचारलंच होतं.

"कुणीतरी लाल दोरी ओढलेली दिसते," तो हसत म्हणाला होता. "घरातली वयस्कर माणसं ओढतात कधी कधी."

तेव्हा हे काका इथेच, कोपऱ्यातल्या टेबलाशी बसलेले होते. डोळ्याला भिंग लावून कुणाचं तरी मनगटी घड्याळ उघडून बसले होते. "मी नाही ओढली," ते म्हणाले होते. मग पुन्हा एकदा. मिस्त्री शिडी गाडीवर बांधत असताना बाहेर येऊन तिसऱ्यांदा. त्याने "असू दे हो काका" म्हटलं होतं आणि तो निघून गेला होता. पुढच्या वळणापर्यंत विसरलाही होता.

त्याने शिडीवरूनच कोपऱ्याकडे नजर टाकली. तिथे आता पुठ्ठ्याची खोकी रचलेली होती.

"काकांचं टेबल कुठे गेलं?"

"दिलं ते. हत्यारंही दिली," बाई आवाज खाली आणत म्हणाल्या. "त्या दोरीपासूनच आमच्या लक्षात आलं बघा. स्वतः ओढली आणि आठवतच नाही म्हणतात! मग आम्हीही लक्ष ठेवायला लागलो. कधी चष्मा विसरायचे, कधी गॅस. तेव्हापासून डॉक्टर सुरू आहेत. बाहेर एकटं सोडत नाही आम्ही त्यांना. खरं सांगू, तुमचे उपकारच झाले. तुम्ही बोलला नसता तर आम्हाला कळलंही नसतं."

मिस्त्रीने तार चाकावर पुन्हा गुंडाळली, पण हातातली किल्ली स्क्रूच्या खाचेत बसेना. दोनदा निसटली. तिसऱ्यांदा बसली, तेव्हा त्याने मनगट दुखेपर्यंत आवळलं. मग शिडी उजवीकडे नेली. यावेळी कुणीच काही विचारलं नाही. तेही स्क्रू त्याने तपासले, आवळलेले असूनही पुन्हा आवळले.

खाली उतरून त्याने दार पुन्हा मोटरला जोडलं आणि बटण दाबलं. दार सरळ, बिनआवाज वर गेलं आणि गॅरेजभर ऊन पसरलं.

"सुटले बाई!" बाई म्हणाल्या. "चला बाबा, चप्पल घाला."

आता शिडी उचलायची आणि चालू पडायचं, एवढंच राहिलं होतं. मिस्त्रीने शिडी मिटली. खांद्यावर घेतली. दोन पावलं टाकून पुन्हा भिंतीला टेकवून ठेवली.

"ताई, मागच्या वेळी दोरी कुणी ओढली नव्हती."

"म्हणजे?"

"स्क्रू मीच ढिले ठेवले होते. बसवतानाच. तेव्हा उजवीकडचे सुटले, आज डावीकडचे." तो फरशीकडे बघून बोलत होता. "माझी चूक माझ्या अंगावर येईल म्हणून तोंडाला येईल ते बोललो. काका खरं सांगत होते."

बाईंनी गाडीचं दार उघडलं होतं, ते तसंच धरून त्या उभ्या राहिल्या. मानेपासून कानापर्यंत त्या लाल होत गेल्या. मिस्त्री शिव्या खायला तयार होता. त्या मिळाल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तीनदा सांगत होते ते," बाई शेवटी म्हणाल्या. "माझ्यासमोर तीनदा." मग त्या आतल्या दाराकडे वळल्या. "बाबा, ऐकलंत ना?"

काकांनी ऐकलं होतं. एका हाताने चौकट धरून ते उंबरठा ओलांडून खाली उतरले. सावकाश चालत मिस्त्रीपाशी आले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. हात हलका होता, पण जराही कापत नव्हता.

"तू भला माणूस आहेस," ते म्हणाले. "पण मला आठवतंय."

"काय आठवतंय काका?"

"मी ओढली ते. आधी आठवत नव्हतं. नाही नाही म्हणत हिला किती त्रास दिला मी. मग रोज बसून विचार करायचो. एके दिवशी लख्ख आठवलं. स्टुलावर चढलो होतो. उजव्या हाताने धरली. लाकडी मूठ होती, गार लागली हाताला."

मिस्त्रीची नजर आपोआप वर गेली. दोरीच्या टोकाला लाल प्लॅस्टिकची मूठ होती. पहिल्या दिवसापासून तीच होती.

"काका, तुम्ही घड्याळाचं काम केलंय, तुम्हाला कळेल," तो घाईघाईने म्हणाला. "दोरी ओढली असती तर दार सरळ खाली आलं असतं. वाकडं आलं नसतं."

"असेल, असेल," काका समजुतीच्या सुरात म्हणाले. "पण माझ्यासाठी खोटं बोलू नकोस, मिस्त्री. कबूल करायला मला फार दिवस लागले. केल्यावर बरं वाटलं बघ."

बाईंनी गाडीचं दार लोटलं आणि त्या तोंड भिंतीकडे करून उभ्या राहिल्या. थोड्या वेळाने आत जाऊन स्वयंपाकघरातल्या दोन खुर्च्या घेऊन आल्या. एकीवर वडिलांना बसवलं. दुसरी मिस्त्रीपुढे सरकवली.

तो खुर्चीवर बसला नाही. समोर फरशीवरच मांडी घालून बसला आणि डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

"काका, पहिल्यापासून सांगतो," तो म्हणाला. "दार बसवायला मी आलो होतो, त्या दिवसापासून."

"सांग," काका म्हणाले, आणि चूक केलेल्या मुलाचं ऐकून घ्यावं तसे मायेने मान हलवत ऐकू लागले.